तलावाचा तळ आणि होडीचा नांगर

लहान होडी नांगरावर उभी करायची ती दोन कारणांसाठी: वाऱ्याने ती वाहून जाऊ नये आणि गळ टाकणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहावेत. वल्हे हातात असेल तर गळ नीट धरता येत नाही आणि गळ हातात असेल तर होडी वाऱ्याच्या स्वाधीन होते. बीड जिल्ह्यात लिंबागणेश, मांजरसुंबा, पाटोदा या पट्ट्यातील पाझर तलावांवर आणि साठवण तलावांवर हे काम रोज चालते. ते शिकवणारी शाळा नाही आणि त्यावर मराठीत लिहिलेलेही फारसे आढळत नाही. पाण्यावर आयुष्य काढलेल्या भोई कुटुंबांत आणि हौसेने गळ टाकत म्हातारे झालेल्या गावकऱ्यांत ते हातोहात चालत आले आहे.

लिंबागणेश बालाघाटाच्या माथ्यावर वसलेले आहे. भालचंद्र गणेशाच्या मंदिरामुळे गावाचे नाव दूरवर माहीत असले, तरी पाण्याच्या दृष्टीने हा भाग कोरडाच. पाऊस साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. उत्तरेकडे उतरणारे पाणी बिंदुसरेतून सिंदफणेला जाते, दक्षिणेकडचे मांजरेला मिळते. माथ्यावर मोठी नदी नसल्याने ओढे-नाले अडवूनच तलाव झाले. 1972 च्या दुष्काळातील कामांनी आणि पुढे रोजगार हमी योजनेने मराठवाड्यात असे कितीतरी बांध उभे केले. त्यांचे पाणी उथळ आणि पसरट असते. बहुतेक ठिकाणी काठावर दाट झाडी नसते, त्यामुळे माळावरचा वारा थेट पाण्यावर उतरतो. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तळाशी एके काळची शेती आहे. बांध, ताली, विहिरी, बाभळीचे बुंधे, गाडीवाट, सगळे पाण्याखाली जागच्या जागी आहे. नांगर कुठे धरेल आणि कुठे अडकून बसेल हे त्या बुडालेल्या शेतावर ठरते.

पाण्यावरची साधने साधी असतात. माजलगाव धरणावर किंवा पैठणच्या नाथसागरावर लाकडी, पत्र्याच्या होड्या दिसतात; लहान तलावावर मात्र थर्माकोलचा तराफा, म्हणजे चप्पू, ट्रकच्या ट्यूबवर बांधलेली बाज किंवा एखाद्या ठिकाणी गुळाची जुनी काहील. थर्माकोलच्या चप्पूला बुडण्याची भीती कमी, पण वाऱ्याची फार. 6 फूट लांब आणि 3 फूट रुंद तुकडा एका माणसाच्या वजनाने पाण्यात जेमतेम दीड-दोन इंच बसतो. पाण्यात बुडालेला भाग इतका थोडा आणि वर बसलेला माणूस वाऱ्याला आडवा, त्यामुळे हलक्या झुळकेनेही चप्पू सरकतो, शिवाय गरगर फिरतो. लाकडी होडी जड असते, तिला कणा असतो, ती वाऱ्याला तोंड देऊन उभी राहू शकते. म्हणून होडीच्या नांगराचे नियम चप्पूला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. चप्पूला एका कोपऱ्यात दोरी बांधली तर तो भोवऱ्यासारखा फिरतो. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांपासून निघणाऱ्या दोन दोऱ्या पुढे हातभर अंतरावर एकत्र करून तेथून नांगराची दोरी सोडली, तर तो बराच स्थिर राहतो.

नांगर म्हणून सहसा दगडच वापरतात. काळा दगड हाताशी असतो, फुकट असतो, आणि अडकून गेला तर जिवाला लागत नाही. पण पाण्यात दगडाचे वजन सुमारे एक तृतीयांशाने घटते. काठावर 9 किलो भरणारा दगड तळाशी 6 किलोच्या आसपास उरतो. लोखंडाचे वजन सुमारे आठव्या हिश्शाने घटते. ओल्या वाळूचे पोते तर जवळजवळ निम्म्यावर येते. काठावर उचलताना जड वाटणारा दगड पाण्यात होडी का धरत नाही, या नवख्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. गोल दगड तर मुळीच कामाचा नाही, तो तळावर लोळतो. चपटा, कंगोरे असलेला दगड निवडावा. जुन्या जात्याचा वरचा दगड या कामाला फार चांगला, कारण मधोमध भोक असल्याने दोरी निसटत नाही आणि चपटा असल्याने तो गाळात बसतो. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातून चार सळया वाकवून आकडा करून घेणारेही आहेत. आकडा खडकाळ तळावर आणि बांधाच्या दगडांत उत्तम धरतो. तो करताना सळई फार जाड घेऊ नये, कारण अडकलेला आकडा जोर लावल्यावर सरळ होऊन सुटून आला पाहिजे. गाळात मात्र आकडा लोण्यातून सुरी जावी तसा ओढला जातो. तेथे जात्याचा दगड किंवा वाळूचे पोतेच बरे.

दुसरे अर्धे उत्तर दोरीत आहे, आणि ते वजनापेक्षा मोठे आहे. नांगर होडीला धरतो तो वजनाने कमी आणि आडव्या ओढीमुळे जास्त. दोरी सरळ खाली सोडली की लाटेबरोबर होडी वर उचलली जाते आणि दगडही उचलला जातो. उचललेला दगड पुन्हा टेकेपर्यंत होडी हातभर सरकलेली असते. असे दर लाटेला होत राहते. पाण्याच्या खोलीच्या तिप्पट दोरी सोडली तर ओढ तळाशी सुमारे 19 अंशांचा कोन करते, पाचपट सोडली तर सुमारे साडेअकरा अंशांचा. 4 मीटर खोल पाण्यात शांत हवेला 12 मीटर, वाऱ्यात 20 मीटर आणि वादळाची चिन्हे असतील तर 28 मीटर दोरी हवी. बहुतेकांजवळ असते 8-10 मीटर. दगड बदलत राहण्यापेक्षा दोरी वाढवणे स्वस्त आणि खात्रीचे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की होडीवरचा रेटा चौपट होतो. सकाळी व्यवस्थित धरणारा नांगर दुपारी का सुटतो, याचे कारण हेच.

दोरीचा प्रकारही पाहावा लागतो. बाजारात स्वस्त मिळणारी रंगीत प्लास्टिकची दोरी पाण्यावर तरंगते. मग ती नांगरापासूनच वर उचललेली राहते आणि वर तरंगणाऱ्या भागात गळाचा तंगूस गुंतत राहतो. नायलॉनची दोरी बुडते आणि थोडी ताणतेही, त्यामुळे लाटेचा हिसका नांगरापर्यंत पोहोचेस्तोवर बोथट होतो. करंगळीएवढी जाड असावी. बारीक दोरी तुटत नसली तरी ओल्या हाताला कापते. दगडाच्या बाजूला दोन-तीन हात साखळी लावली तर दोरीचे तळाकडचे टोक जमिनीलगत राहते आणि खडकावर घासून तुटत नाही. विहिरीच्या बादलीची जुनी साखळी याला पुरते.

आता तळाची गोष्ट, कारण या भागातले खरे ज्ञान तेथेच आहे.

एरवी तळ्याचा तळ दिसत नाही. पण मराठवाड्यात दर काही वर्षांनी तो उघडा पडतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, तेव्हा लातूरला पाणी पुरवणारे, बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. बालाघाटावरचे लहान तलाव तर त्याच्या आधीच आटलेले. मासेमारी बंद पडली, जाळी गुंडाळून ठेवली गेली, ऊसतोडीला न जाणारी माणसेही त्या वर्षी गेली. ज्यांनी मागे राहून त्या भेगाळलेल्या तळावरून चालत काठ गाठले, त्यांना मात्र एक गोष्ट मिळाली: तळ पायांनी माहीत झाला. कोणत्या बाजूला मुरूम आहे, कुठे गुडघाभर गाळ आहे, जुना बांध कुठून कुठे जातो, विहिरीचे तोंड कुठे आहे, बाभळीचे किती बुंधे अजून उभे आहेत. पुढच्या पावसाळ्यात तलाव भरल्यावर ही माणसे नांगर टाकायची तेव्हा काठावरच्या दोन खुणा जुळवून टाकायची. एका अंगाला मंदिराचा कळस आणि त्यामागची टेकडीची खांड एका रेषेत, दुसऱ्या अंगाला सांडव्याची भिंत आणि एखादे एकटे लिंबाचे झाड एका रेषेत. जिथे दोन रेषा मिळतात तिथे बांध. बांधाच्या वरच्या अंगाला आकडा टाकला की तो दगडात बसतो, आणि होडी बांधाच्या खालच्या अंगाला, जिथे मासा चरायला येतो, तिथे उभी राहते. दुष्काळाने या माणसांकडून पुष्कळ काही नेले. एवढे मात्र पदरात टाकले.

त्यानंतरचे वळण वेगळे होते. 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेखाली तलावांतला गाळ काढून शेतात नेण्याची कामे सुरू झाली. शेतीला आणि साठवणीला त्याचा फायदा आहे, याबद्दल दुमत नको. पण जेसीबीने गाळ काढलेल्या तळाला उतार राहत नाही; सरळ कडा असलेले खड्डे राहतात. छातीभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकले की दोन पुरुष खोल. ज्यांनी आधीचा तळ पायांनी ओळखला होता, त्यांच्या जुन्या खुणा त्या ठिकाणी निरुपयोगी झाल्या. 10 मीटर दोरीवर वर्षानुवर्षे धरणारा नांगर खड्ड्यात गेला की दोरी उभी होते आणि होडी सुटते. म्हणून अशा तलावावर नांगर टाकण्याआधी खोली मोजणे हीच पहिली पायरी झाली आहे. दोरीला प्रत्येक 2 मीटरवर वेगळ्या रंगाच्या चिंधीची गाठ मारून ठेवली तर तीच दोरी मोजपट्टीचेही काम करते.

बुंध्यांचा प्रश्न जुनाच आहे. पाण्याखालची बाभूळ सहजी कुजत नाही. बुंध्यात आकडा अडकला की वरून ओढून काही होत नाही, उलट तो अधिक घट्ट बसतो. अशा ठिकाणी अनुभवी माणूस नांगराची दोरी आकड्याच्या वरच्या कडीला न बांधता खालच्या टोकाला, जिथे सळया एकत्र येतात तिथे बांधतो, आणि वरच्या कडीला ती बारीक सुतळीने नुसती जखडतो. रोजच्या ओढीला सुतळी पुरते. अडकल्यावर जोराचा हिसका दिला की सुतळी तुटते, ओढ खालच्या टोकाला लागते आणि आकडा उलटा होऊन निघून येतो. एक पैशाची सुतळी आणि दोन मिनिटांचे काम. त्याविना कितीतरी आकडे तलावाच्या तळाशी राहिले आहेत.

वाऱ्याचे वाचन हा यापुढचा भाग. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा आणि नैऋत्येचा वारा बालाघाटावर दिवसभर एका लयीत वाहतो. त्याची दिशा ठरलेली असल्याने नांगर टाकणे सोपे. हिवाळ्यातली सकाळ शांत असते, ऊन चढले की झुळूक सुटते. धोका आहे तो एप्रिल-मेच्या दुपारचा. वळवाचा ढग अजून दूर असतानाच त्याच्या पुढून थंड वाऱ्याचा झोत येतो, धूळ उडते आणि दिवसभराची वाऱ्याची दिशा क्षणात उलटते. नांगर पश्चिमेला आणि होडी त्याच्या पूर्वेला असताना पूर्वेचा झोत आला, तर होडी नांगरावरून उलट्या बाजूला फेकली जाते, दोरी सैल होऊन पुन्हा हिसक्याने ताणते, आणि त्याच हिसक्यात दगड सुटतो. बीड-पाटोदा भागातील माळांवर अलीकडे पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांची तोंडे वाऱ्याच्या दिशेला वळलेली असतात. दूरच्या टेकडीवरची चक्की तोंड फिरवू लागली की पाण्यावरच्या माणसाला वारा बदलत असल्याची वर्दी मिळते. भोयांची तरुण मुले हे न सांगता पाहायला शिकली आहेत.

एका तलावावर अशाच मे महिन्यातल्या दुपारी दोघे जण चप्पूवर होते. दोरी त्यांनी चप्पूच्या मागच्या बाजूला बांधली होती, कारण पुढच्या बाजूला बसून त्यांना गळ टाकायचा होता. झोत आला, मागची कड दोरीने खाली ओढली गेली आणि लाटा तिच्यावरून येऊ लागल्या. गाठ होती निरगाठ, ओली होऊन आवळलेली, बोटांनी सुटेना. विळा काठावर राहिला होता. ते वाचले ते थर्माकोलमुळे. लाकडी होडी असती तर मागून पाणी भरून ती खाली गेली असती. त्या भागात तेव्हापासून तीन गोष्टी पाळल्या जातात: नांगराची दोरी नेहमी पुढच्या टोकाला, आणि एका ओढीत सुटणारी सुरगाठ. तिसरी गोष्ट म्हणजे धारदार विळा हाताशी, दोरीच्या गाठीजवळ. दोरी सोडून देण्याची वेळ आली तर नांगर परत मिळावा म्हणून तिच्या टोकाला 5 लिटरचा रिकामा, बूच घट्ट लावलेला डबा बांधून ठेवावा. तो तरंगत राहतो, वारा पडल्यावर जाऊन उचलता येतो.

गळाची पद्धत बदलली की नांगराची पद्धतही बदलते. या भागात बांबूची काठी, तंगूस, गांडूळ किंवा कणकेची गोळी आणि मोरपिसाच्या दांडीचा तरंगणारा तुकडा हीच रीत. तरंगता तुकडा जागेवर उभा दिसला पाहिजे, म्हणून होडीही जागेवर हवी; एक नांगर आणि थोडे झुलणे चालते. पिसांची बनवलेली कृत्रिम माशी फेकून मासा धरण्याचे तंत्र येथे रुळलेले नाही, पण भारतातल्या तळ्यांना ते अनोळखी नाही. मद्रास प्रांतातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी 1873 मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ आणि 1887 मध्ये खास तळ्यांवरच्या गळासाठी ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ ही पुस्तके लिहिली. आज चिलापी आणि मरळ हे दोन्ही मासे पिसांच्या माशीवर येतात, हे हौशी गळकऱ्यांना माहीत आहे.

या तंत्रात माशीला वजन नसते, वजन दोऱ्याला असते. दोरा मागे हवेत लांबवून पुढे फेकायचा, मग तो बोटांनी थोडा थोडा ओढत माशीला जिवंत किड्यासारखी हालचाल द्यायची. होडी एका नांगरावर डावी-उजवीकडे झुलत असेल तर दोऱ्याला पोट येते, माशी आपल्या मर्जीने ओढली जाते आणि माशाने तोंड लावलेले हाताला कळत नाही. म्हणून येथे दोन नांगर लागतात. वाऱ्याच्या वरच्या अंगाला पहिला टाकायचा, हव्या त्या जागेच्या दुप्पट अंतरापर्यंत दोरी सोडत खाली जायचे, तिथे मागचा टाकायचा आणि पुढची दोरी ओढत मध्यावर यायचे. होडी खुंटीला बांधल्यासारखी उभी राहते. वारा पाठीमागून येईल असे बसावे म्हणजे दोरा वाऱ्याबरोबर जातो. उजव्या हाताने फेकणाऱ्याने वारा डाव्या खांद्यावरून येऊ द्यावा, नाहीतर गळ स्वतःच्याच मानेत बसतो. वारा वाढला की मागचा नांगर आधी उचलायचा. दोन्ही बाजूंनी जखडलेली होडी लाटेबरोबर वळू शकत नाही आणि आडव्या लाटेने भरते. ज्यांना जागा बदलत मासा शोधायचा आहे, त्यांनी नांगर न टाकता मागे पाण्यात तोंड उघडे ठेवलेले गोणपाट सोडावे. त्याने होडीचे वाहणे बरेच कमी होते.

माशाच्या बाबतीत एक मर्यादा पाळायला हवी. उथळ पाण्यात मरळीच्या पिलांचा लालसर घोळका वर-खाली करत असेल तर जवळच तिची जोडी राखणीला असते. अशा वेळी ती कशावरही झेपावते, म्हणूनच तेव्हा तिला धरू नये. ती गेली की पिले इतर माशांच्या पोटात जातात. तेथून नांगर उचलून दुसरीकडे जाणे एवढेच योग्य.

काही जागी नांगर टाकूच नये. सांडव्याच्या वरच्या अंगाला, तलाव भरलेला असताना, कधीही नाही. पाणी सोडण्याच्या मोरीजवळ नाही; पाणी सुटल्यावर तेथली ओढ वरून दिसत नाही. बांधाच्या दगडी पिचिंगजवळ, वारा तिकडे वाहत असताना नाही, कारण दगडांवर आपटून परतणाऱ्या लाटा आणि येणाऱ्या लाटा एकमेकींवर चढतात. डोंगरात पाऊस पडून नाला वाहू लागला की आखूड दोरीवरच्या होडीचे पुढचे टोक वाढत्या पाण्यात खाली खेचले जाते. तेव्हा दोरी सोडत राहावी किंवा उचलून काठ गाठावा.

या तलावांचे मासेमारीचे ठेके बहुधा मच्छिमार सहकारी संस्थांकडे असतात. हौसेने गळ टाकणाऱ्याने संस्थेची परवानगी घ्यावी आणि परवानगी घेताना तळाचीही चौकशी करावी. नकाशात नसलेली माहिती तेथे मिळते. संस्थांनाही एक विनंती. येत्या उन्हाळ्यात पाणी खाली गेले की एक दिवस काढून बाभळीचे बुंधे, विहिरींची तोंडे आणि जेसीबीच्या खड्ड्यांच्या कडा यांवर लांब बांबू रोवावेत, त्यांना लाल कापड बांधावे. जुने जाणते अजून आहेत तोवर काठावरच्या खुणांच्या जोड्या वहीत उतरवून घ्याव्यात आणि ती वही संस्थेत ठेवावी.